कोलंबो बंदरावर नीलम घेण्याआधी

क्रूझचं जहाज कोलंबोला लागणार आहे आणि खाली उतरून दिवसभर फिरायचा बेत आहे, अशा आपल्या खान्देशातल्या मंडळींसाठी हे लिहितोय. आमच्या साडूभाऊंच्या गळ्यात तिथे ६५० डॉलरला, म्हणजे पन्नास हजारांच्या वर, एक निळा खडा मारला गेला. साडूभाऊ काही भोळे नाहीत. चोपडा तालुक्यात त्यांची केळी आहे. बागेवर आलेल्या व्यापाऱ्याशी भावावरून, वजनावरून, 'माल बारीक आहे' म्हणत कमी केलेल्या रुपयांवरून ते बांधावर तासभर भांडू शकतात. असा माणूस फसतो तेव्हा फसवणाऱ्यांचं काम किती पक्कं असेल, ते बघायला हवं.

आमची क्रूझ मुंबईहून निघून कोची, कोलंबो, फुकेत, पेनांग करत सिंगापूरला संपणारी. जहाजाच्या सहली डॉलरमध्ये आणि महाग, म्हणून आम्ही चौघं, म्हणजे आम्ही दोघं, साडूभाऊ आणि मोठ्या ताई, स्वतःच फिरायचं ठरवून उतरलो. सकाळी आठला जहाज लागलं होतं आणि साडेचारच्या आत परत चढायचं होतं. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, स्वतःहून फिरणाऱ्यासाठी थांबत नाही, हे आदल्या रात्री माईकवरून दोनदा सांगितलं होतं. ही वेळ लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा खेळ तिच्यावर चालला.

बंदराच्या आत पायी फिरू देत नाहीत, बसने गेटपर्यंत आणून सोडतात. गेटबाहेर रिक्षावाल्यांचा गराडा असतो. त्यांना आपण हात हलवून लांब ठेवतोच. आमच्याशी बोलायला आला तो रिक्षावाला नव्हता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात कसलंसं ओळखपत्र. म्हणाला, मी तुमच्या जहाजाच्या एजंटच्या ऑफिसात आहे, भाजीपाला आम्हीच चढवतो. जहाजाचं नाव त्याने बरोबर सांगितलं, साडेचारची वेळही सांगितली. (बंदरात आज कोणतं जहाज आहे आणि ते कधी सुटणार, हे गेटवरच्या चहावाल्यालाही माहीत असतं. पण परक्या देशात उतरल्यावर दहाव्या मिनिटाला हे सुचत नाही.) त्याला काही विकायचं नव्हतं. फक्त एवढंच सांगून गेला की आज गंगारामय मंदिरात हत्तींचा उत्सव आहे, दुपारी बारापर्यंतच, तेवढा चुकवू नका. आणि एका रिक्षावाल्याला आमच्यासमोर दम भरून रास्त भाडं ठरवून दिलं.

गंगारामय मंदिर खरं आहे आणि बघण्यासारखं आहे. बेइरा तलावाच्या काठी, आत बुद्धमूर्तींपासून जुन्या मोटारींपर्यंत काय वाट्टेल ते मांडून ठेवलंय. तलावातलं 'सीमा मालक' हे ध्यानमंदिर जेफ्री बावा या वास्तुविशारदाचं काम, तिथे दहा मिनिटं बसलं तरी त्या चिकट उकाड्यात बरं वाटतं. आपला मे महिन्यातला भुसावळचा उन्हाळा परवडला, निदान अंगाला कपडा तरी चिकटत नाही. उत्सव मात्र कुठेच नव्हता. 'सकाळीच आटोपला' असं रिक्षावाल्याने सांगितलं. या मंदिराची प्रसिद्ध नवम पेराहेरा मिरवणूक फेब्रुवारीतल्या पौर्णिमेच्या सुमारास निघते. श्रीलंकेत दर पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सुट्टी असते. आणि आमच्या ताईंची त्या दिवशी एकादशी होती! घरून आणलेला साबुदाण्याचा चिवडा आणि गेटवर घेतलेली लहान आंबट-गोड केळी यांवर त्या होत्या. साडूभाऊ त्या केळ्यांचा घड आपल्याकडे किती किलोचा भरतो याचा हिशेब करत होते, आणि पंचांग बघायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मंदिराच्या दारात तिसरा माणूस भेटला. मूळचा चेन्नईचा, बँकेत नोकरी, बायकोसोबत आलोय म्हणाला. बायको काही दिसली नाही. मोडकंतोडकं हिंदी बोलत त्यानेच सांगितलं की सरकारी रत्नांचा सेल आहे, वर्षातून एकदा, करमाफी, आज शेवटचा दिवस, मी मुलीच्या लग्नासाठी दोन घेतले. आमच्या रिक्षावाल्याला तर यातलं काहीच माहीत नव्हतं! त्याने त्या माणसाला पत्ता विचारून घेतला. हा अभिनय मला अजूनही आठवतो.

दुकान थंडगार. चहा आला. ताईंचा उपास कळल्यावर त्यांना नारळपाणी आलं. दुकानदाराने पहिला प्रश्न हिंदीत विचारला, 'घर में किसी की साढ़ेसाती चल रही है?' मोठ्या भाच्याची चालू होती. नस्तनपूरच्या शनीला न चुकता जाणारं ते घर. ताई पुढे सरकल्या. शेजारच्या टेबलावर एका गोऱ्या जोडप्याला दुसरा माणूस राजकुमारी डायनाच्या अंगठीतल्या सिलोनच्या नीलमची गोष्ट सांगत होता. म्हणजे खडे तेच, फक्त आम्हाला शनी आणि त्यांना डायना.

मग परीक्षा सुरू झाली. खड्याने काचेवर ओरखडा काढून दाखवला. लायटरच्या ज्योतीवर धरला. रत्नपुराच्या खाणींचे फोटो दाखवले, चकचकीत शिक्क्याचं सर्टिफिकेट दाखवलं. साडूभाऊंनी मला हळूच विचारलं, 'हाऊ खरा शे ना?' मी काय सांगणार? बाराशे डॉलरपासून ते घासाघीस करत साडेसहाशेवर आणत होते आणि आपण जिंकतोय अशी त्यांची समजूत होत होती. एवढ्यात रिक्षावाला आत येऊन घड्याळ दाखवू लागला. ट्रॅफिक आहे, जहाज आहे, साडेचार आहे. ताई म्हणाल्या, 'आते परत कव्हय येसूत आपन?' तिथेच कार्ड निघालं.

आता त्या परीक्षेबद्दल. काच ओरखडली म्हणजे खडा नैसर्गिक आहे असं अजिबात नाही. नीलम म्हणजे कुरुंद नावाचं खनिज, खनिजांची कठीणता मोजायच्या 'मोह्स' मापावर त्याची कठीणता ९, काचेची साधारण साडेपाच. पण कारखान्यात केलेला नीलमही कुरुंदच असतो, तोच ॲल्युमिनियम ऑक्साइड. तोही काच ओरखडतो, तोही ज्योतीला दाद देत नाही. ऑगस्त व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीत पूड वितळवून माणिक बनवायची रीत १९०२ मध्ये जाहीर केली आणि पुढे त्याच रीतीने नीलमही होऊ लागला. असा खडा मातीमोल किमतीला मिळतो. फरक दिसतो तो आत, मोठं करून पाहिल्यावर. नैसर्गिक खड्यात रंगाचे पट्टे सरळ, कोनात असतात. ज्योतीत वाढवलेल्यात रेषा वाकड्या, कमानीसारख्या, आणि कधी हवेचे बारीक बुडबुडे. जळगावला परत आल्यावर सराफ बाजारातल्या आमच्या नेहमीच्या सराफाने भिंग लावून पाहिलं, बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, सोन्याचं मला विचारा, याचं लॅबला विचारा. लॅबच्या अहवालात 'सिंथेटिक' असं आलं, आणि खाली त्याच वाकड्या रेषांचा उल्लेख.

बँकेकडे तक्रार केली. कार्ड स्वतः घातलेलं, पिन स्वतः दाबलेला, त्यामुळे चोरीचा व्यवहार म्हणून ते धरेनात. मग बिल मागितलं. बिलावर इंग्रजीत फक्त 'निळा सफायर, एक नग' असं होतं. 'नैसर्गिक' हा शब्द कुठेही नाही. दुकानदाराने तसं लिहूनच दिलं नव्हतं. सर्टिफिकेट देणारी लॅब त्याच गल्लीतल्या पत्त्यावरची निघाली.

श्रीलंकेत खरे, उत्तम नीलम मिळतात, यात शंका नाही. तिथे रत्नांच्या व्यापाराला सरकारी परवाना लागतो आणि तो देणारं राष्ट्रीय रत्न व दागिने प्राधिकरण कोलंबोतच आहे, खडे तपासून देण्याची त्यांची प्रयोगशाळाही आहे. घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी 'चला, प्राधिकरणात तपासून घेऊ' असं म्हणा आणि दुकानदाराचा चेहरा बघा. बिलावर 'नैसर्गिक' लिहून मागा. खडा तापवून रंग खुलवलेला आहे की नाही तेही लिहून मागा, कारण तापवलेला खडा अस्सल असला तरी किमतीत बराच फरक पडतो. आणि एक दिवसाचा सरकारी सेल हे शब्द कानावर आले की तिथूनच मागे फिरा. रिक्षा स्वतः ठरवू नका, ॲपवरून बोलवा, उबर तिथे चालते आणि त्यांची स्वतःची पिकमीही आहे. ॲपवरच्या भाड्यात दुकानाचा थांबा नसतो.

साडूभाऊंनी तो खडा कपाटात टाकलाय. ताईंचं म्हणणं, पैसे गेलेच आहेत तर चांदीत बसवून भाच्याला घालू, शनीला कुठे लॅबचा अहवाल दाखवायचाय. यावर घरात अजून एकमत नाही.