घोड्यांच्या रक्तातील परजीवींची तपासणी: वानवडीतील प्रयोगशाळेचा अनुभव

घोड्याला ताप आला, त्याने चारा टाकला आणि हिरड्या फिकट दिसू लागल्या की रक्तातील परजीवींची शंका लवकर घ्यावी लागते. पुण्यात कुत्र्यामांजरांच्या रक्ततपासणीची सोय आता उपनगरांतही झाली आहे. घोड्याचे रक्त समजून तपासणारी जागा मात्र शोधावी लागते. वानवडीतील ही खासगी पशुवैद्यकीय प्रयोगशाळा तशी आहे, आणि मुळशीकडील आमच्या लहानशा पागेतील घोड्यांचे नमुने आम्ही इथेच पाठवतो.

नमुना स्वीकारण्याआधी तो कशासाठी तपासायचा आहे, हे इथे विचारले जाते. आजारी घोड्याच्या तापाचे कारण शोधणे वेगळे आणि विकत घ्यायच्या, वरकरणी धडधाकट घोड्यात जुना संसर्ग दडला आहे का हे पाहणे वेगळे. दोन्हींसाठी रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची एकच काचपट्टी पुरत नाही, हे इथल्या डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच भेटीत नीट समजावून सांगितले.

पावसाळ्यात आणि त्यानंतर टॅबॅनस जातीच्या चावऱ्या माश्या वाढल्या की सर्राची भीती असते. हा रोग ज्या ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी परजीवीमुळे होतो, तो ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात शोधला होता. रक्तातील त्याची संख्या तापाबरोबर चढउतार होते, म्हणून ताप चढलेला असतानाच रक्त घ्यावे असा प्रयोगशाळेचा आग्रह असतो आणि चिठ्ठीवर तापमान लिहिलेले नसेल तर तिथल्या तंत्रज्ञ ताई फोन करून विचारतात. ताज्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तंत्रज्ञ ताईंनी मला एकदा पाहायला बोलावले होते. तांबड्या पेशींच्या गर्दीत एका जागी पेशी सारख्या हलत होत्या आणि त्यांना ढकलत एक सडपातळ जीव वळवळत होता. थेंबात काही दिसले नाही तरी त्या थांबत नाहीत; बारीक काचनळीतले रक्त यंत्रात वेगाने फिरवून पांढऱ्या पेशींच्या थराच्या अगदी वरची कड तपासतात, कारण परजीवी थोडे असले तरी तिथे गोळा होतात.

गोचिडांमुळे पसरणाऱ्या थायलेरिया इक्वी आणि बॅबेसिया कॅबॅली या रक्तातील परजीवींच्या तपासणीत तर या प्रयोगशाळेची किंमत अधिक कळली. आमची एक घोडी अधूनमधून मलूल होत असे. शहरातील दुसऱ्या एका प्रयोगशाळेने केवळ गिम्सा रंगाने रंगवलेली काचपट्टी पाहून ‘परजीवी आढळले नाहीत’ असा अहवाल दिला होता. जुनाट संसर्गात परजीवी इतके विरळ असतात की असा अहवाल घोडी निरोगी असल्याचा पुरावा ठरत नाही, हे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते. वानवडीतून पीसीआर, म्हणजे परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, करून घेतल्यावर थायलेरिया इक्वी निघाला. निव्वळ अंदाजाने उपचार करणे घोड्याच्या जिवावर बेतू शकते: सर्रासाठी क्विनापायरामीन वापरतात, तर थायलेरियासाठी इमिडोकार्ब द्यावे लागते, त्याची मात्रा बॅबेसियापेक्षा जास्त असते आणि त्याने पोटशूळही उठू शकतो. थायलेरिया उपचारानंतरही अनेकदा शरीरातून पूर्ण जात नाही, ही गोष्ट डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितली, याचे मला विशेष मोल वाटते.

उणिवाही आहेत. पीसीआरचा नमुना बाहेर पाठवला जात असल्याने निकालाची वाट पाहावी लागते, आणि रविवारी नमुना घेतला जात नाही. ताप काही वार पाहून येत नाही, तेव्हा ही अडचण गंभीर आहे. अहवाल फक्त इंग्रजीत असतो, त्यामुळे मोतद्दाराला तो वाचता येत नाही. दर रास्त आहेत.

घोडा विकत घेणाऱ्यांनी काचपट्टीवर समाधान न मानता पीसीआरबरोबर प्रतिपिंडांची, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची, चाचणीही मागावी. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे रक्तजल (गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा द्रव) कसे पाठवायचे, याची माहितीही इथे मिळते. आजारी घोड्यासाठी औषध टोचण्यापूर्वीचे रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन असलेल्या) नळीत घ्यावे, नळी बर्फाला थेट न टेकवता थंड डब्यात ठेवावी आणि सर्राची शंका असल्यास त्याच सकाळी वानवडीत पोचवावी.