पहिली गिअरची गाडी क्रूझरच पाहिजे, मग अ‍ॅव्हेंजर का मीटिओर?

माझ्या मावसबहिणीने आत्तापर्यंत फक्त स्कूटी चालवलीये, उंची ५ फूट १ इंच, आणि आता तिला क्रूझरच (खाली सीट, पाय पुढे ठेवून बसायची बाईक) पाहिजे, बजाज अ‍ॅव्हेंजर नाहीतर रॉयल एनफिल्डची मीटिओर ३५०. मी दोन्ही चालवल्यात म्हणून लिहितोय, अजून कोणी असंच अडकलं असेल तर त्यालापण कामाला येईल.

शिकणाऱ्याची गाडी स्पीडमध्ये कमी आणि थांबताना जास्त पडते. आमच्या नाशिकला रविवार कारंजाच्या गर्दीत दर दहा फुटांवर पाय टेकायचा असतो, तिथे सीट किती खाली आहे आणि गाडी किती जड आहे एवढंच कामाचं. अ‍ॅव्हेंजरची सीट ७३७ मिमी, मीटिओरची ७६५, म्हणजे ३ सेंटीमीटरपण फरक नाही, पण कमी उंचीवाल्याची टाच टेकते का नुसता चवडा, ते तेवढ्यावरच ठरतं. वजनात मात्र खरा फरक आहे, अ‍ॅव्हेंजर १६० सीसीची भरते १५६ किलो, २२० सीसीची १६३ आणि मीटिओर १९१. मी नवीन असताना गंगापूर रोडला सिग्नलवर मीटिओर एका बाजूला कलली, आणि एकदा कलली की मग ती हाताने धरून राहत नाही, मागच्या दोघांनी उतरून उचलून दिली.

पण मीटिओरचं एक आहे, २७ एनएम टॉर्क (इंजिनची ओढ) आहे आणि त्यातला बराचसा इंजिन हळू फिरत असतानाच मिळतो, क्लच हळू सोडला की रेस न देतापण गाडी पुढे सरकते, त्यामुळे शिकताना बंद कमी पडते. अ‍ॅव्हेंजर १६० ला रेस आणि क्लच जुळवायला थोडे दिवस जातात. ब्रेकमध्येही मीटिओरच पुढे, दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम), अ‍ॅव्हेंजरला एबीएस फक्त पुढच्या चाकाला, मागे साधा ड्रम ब्रेक, पावसाळ्यात त्र्यंबक रोडला मागचा ब्रेक जोरात दाबला तर चाक लॉक होऊन घसरतं, हे ध्यानात ठेवाच.

अ‍ॅव्हेंजरचे फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) पुढे असल्यामुळे स्पीडब्रेकरवर उभं राहून झटका वाचवता येत नाही, सगळा मणक्यात जातो. शिवाय यू टर्नला जागापण जास्त लागते. टीव्हीएसची रोनिनपण लोक सुचवतात पण तिची सीट ७९५ मिमी आहे, उंची कमी असेल तर सोडून द्या.

थर्ड पार्टी इन्शुरन्सचा दोघींचा स्लॅब एकच, १५० ते ३५० सीसी, त्यामुळे छोटं इंजिन घेतलं म्हणून तिथे काही वाचत नाही.

रोज सिटीतच फिरायचं असेल तर माझं मत अ‍ॅव्हेंजर, सापुतारा, कसारा घाट असं दर महिन्याला करणार असाल आणि पाय नीट टेकत असतील तर मीटिओर. टेस्ट राइडला सरळ रस्त्यावर पळवून काही कळत नाही, चढावर थांबवून परत पुढे काढून बघा आणि पार्किंगमध्ये बसल्या बसल्या पायांनी मागे ढकलून बघा.

बहिणीला मी सेकंड हॅण्ड १६० सांगितलीये, शनिवारी सातपूरला एक बघायला जातोय.