जुनाट लुकच्या नावाखाली फ्रेमला खरा गंज: स्टेन्सिल केलेल्या सायकलचा वापरानंतरचा अनुभव

पावसाळा सरता सरता माझ्या सायकलवर स्टेन्सिलने रंगवलेल्या ‘गोदावरी’ या नावाच्या शेवटच्या वेलांटीशेजारी खरा गंज फुटला, म्हणून सविस्तर लिहितोय.

सायकल म्हणजे जुनी ॲटलस, स्टीलची फ्रेम, सिंगल स्पीड करून घेतलेली. नाशिकमधल्या अंबडच्या एका वर्कशॉपने रंगाचे सहा हजार घेतले. राखाडी प्रायमर (लोखंडाला गंजापासून जपणारा पहिला थर), वर गडद हिरवा, तिरप्या पाइपवर मळकट पांढऱ्यात स्टेन्सिल, मग घासून जुनाट लुक आणि शेवटी मॅट क्लिअर, म्हणजे बिनचकाकीचा पारदर्शक थर.

आधी अक्षरांबद्दल, कारण ते काम खरंच देखणं झालंय. देवनागरीचं स्टेन्सिल अवघड असतं. शिरोरेखा सलग कापली की अख्खा शब्द लोंबायला लागतो आणि ‘व’च्या पोटातला तुकडा गळून पडतो. आम्ही रेडियमवाल्याकडून व्हिनाइल कापून घेतलं. त्यात तो तुकडा वेगळा चिकटवता येतो, त्याला धरून ठेवणारे जोड ठेवावे लागत नाहीत. पण जोड नसले की स्टिकर लावल्यासारखं दिसतं. म्हणून मुद्दाम शिरोरेखा मध्ये तोडली, ‘व’ला दोन जोड ठेवले. बाजार समितीतल्या पोत्यांवर असतो तसा ठसा उमटला. फवारा पातळ हातांनी, समोरून मारल्यामुळे रंग कडेखाली शिरला नाही. यात पेंटरला पूर्ण मार्क.

आता गंज. जुनाट दिसावं म्हणून त्याने अक्षरांच्या कडा थेट लोखंड दिसेपर्यंत घासल्या आणि वर फक्त क्लिअर मारलं. श्रावणात त्र्यंबक रोडला पुढच्या चाकाचं पाणी नेमकं याच पाइपवर उडतं. क्लिअर म्हणजे प्रायमर नव्हे. त्याखाली ओल शिरली की गंज आतल्या आत पसरतो आणि थर फुगतो. तक्रार केली तर उत्तर काय, ‘साहेब, जुना लुक तुम्हीच मागितला होता, थोडा गंज येणारच.’ वर दुरुस्तीचे दीड हजार वेगळे! मी एक रुपया दिला नाही. प्रायमरवर आधी तपकिरी थर द्यायचा, त्यावर हिरवा, आणि तपकिरी डोकावला की पॉलिश पेपर थांबवायचा, ही रीत रंगकाम करणाऱ्याला माहीत असायलाच हवी. गंजासारखे बाकीचे डाग स्पंजने तपकिरी रंग लावून उमटवायचे. लोखंडाला हात लावायचं कारणच नाही.

मॅट क्लिअरबद्दल मात्र माझं मत बदललं. वरच्या दांड्यावर मांडी घासून चकाकी आली, तेव्हा पैसे पाण्यात गेले असं वाटलं होतं. आता तोच भाग सगळ्यात आवडतो. पेंटरने केलेल्या ओरखड्यांपेक्षा ती झीज कितीतरी खरी दिसते.

गंज मी घरीच काढला. फुगलेला थर खरवडला, ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासलं, खोलगट ठिपक्यांना रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं रसायन), मग झिंक फॉस्फेट प्रायमर आणि स्पंजने तपकिरी. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाला. ही फ्रेम सडली तर तशी नवी कुठून आणणार?

क्लिअर राहिलंय. पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्यापुढे कापडी मास्कचा उपयोग नाही, त्यामुळे ते घरी करणार नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की दुसऱ्या पेंटरकडे देणार, आणि या वेळी प्रायमर शाबूत ठेवायचं बिलावर लिहून घेणार.