जुन्या कन्सोलवर ऑनलाइन खेळायचंय? ड्रीमकास्ट, एक्सबॉक्स की पीएस२

ऑनलाइन खेळण्यासाठी जुना कन्सोल घेणार असाल, तर ग्राफिक्स नंतर बघा. आधी विचारा, हा कन्सोल जोडला कसा जायचा आणि मधे कुणाचा सर्व्हर लागायचा? कंपन्यांनी सर्व्हर बंद केल्यानंतर आज काय चालतं, ते बरंचसं त्यावरच ठरलं आहे. सेगा सॅटर्नचा १९९६ चा नेटलिंक मोडेम दुसऱ्या खेळाडूच्या फोनवर थेट डायल करायचा. मधे सर्व्हरच नसल्यामुळे बंद पडण्यासारखं काही नव्हतं! मात्र त्यावर समोरासमोर खेळता येणारे गेम अगदी मोजके, म्हणून खरी निवड पुढच्या पिढीतच करावी लागते.

माझा कल सेगाच्याच ड्रीमकास्टकडे आहे. १९९८ मध्ये जपानमध्ये आणि ९ सप्टेंबर १९९९ ला अमेरिकेत आलेल्या या कन्सोलला मोडेम सोबतच मिळायचा, वेगळा घ्यावा लागत नसे. 'फँटसी स्टार ऑनलाइन'मध्ये चार जण मिळून लढायचे. तयार शब्द निवडून वाक्य जुळवलं की ते समोरच्याला त्याच्या भाषेत दिसायचं. जपानी आणि फ्रेंच खेळाडू एकाच गुहेत उतरून एकमेकांना 'मागे हो' सांगू शकत होते, आणि तेही डायल-अपच्या काळात. २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणंच थांबवलं, पण चाहत्यांनी सर्व्हर पुन्हा उभे केले.

जोडणी अशी होते: ड्रीमकास्टची फोनची वायर एका यूएसबी मोडेमला लावायची आणि तो मोडेम रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला. त्यावरचं ड्रीमपाय हे सॉफ्टवेअर नकली डायल टोन वाजवतं. कन्सोल तो ऐकून नंबर फिरवतो, पाय 'फोन उचलतो' आणि पुढचा प्रवास घरच्या ब्रॉडबँडवरून होतो. कन्सोलमध्ये काहीही बदलावं लागत नाही. अडचण डिस्क ड्राइव्हची आहे. तो जुना झाला की डिस्क वाचताना अडखळतो, म्हणून घेण्याआधी एखादा गेम पूर्ण लोड करून बघाच. सर्व्हरवर सदासर्वदा गर्दी नसते, वेळ ठरवून खेळावं लागतं.

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वेगळ्या विचाराने बनला. नोव्हेंबर २००१ मध्ये आला तेव्हाच त्यात इथरनेट पोर्ट (केबलने इंटरनेट जोडायची जागा) आणि ८ जीबीची हार्ड डिस्क होती, डायल-अपची सोय मात्र नव्हती. बरोबर एका वर्षाने एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन सेवा सुरू झाली: हेडसेटसह वर्षभराची वर्गणी ४९.९९ डॉलर. सगळ्या गेमसाठी एकच नाव, मित्रांची एकच यादी आणि थेट आवाजात बोलणं, हे त्यामुळे रुळलं. आजच्या सगळ्याच सेवांचा साचा तिथला आहे.

पण सगळं एका सेवेवर अवलंबून असल्यामुळे १५ एप्रिल २०१० ला ती बंद झाली तेव्हा सगळं एकदमच गेलं. 'हेलो २'चे काही खेळाडू आधीपासून जोडलेले होते. कन्सोल बंद केला तर परत जोडता येणार नाही, म्हणून त्यांनी तो बंदच केला नाही. शेवटचा खेळाडू मे महिन्यापर्यंत टिकला. आज इन्सिग्निया नावाची चाहत्यांची सेवा जुनं लाइव्ह बऱ्याच अंशी परत आणते. मॅचमेकिंगची, म्हणजे सेवेनेच प्रतिस्पर्धी शोधून द्यायची मजा हवी असेल तर हाच घ्या, फक्त सुरुवातीला कन्सोल तयार करण्याची खटपट करावी लागते. आणि एक गोष्ट चुकवू नका: सुरुवातीच्या बहुतेक मॉडेलमध्ये घड्याळाचा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) गळतो आणि मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, खातो. विकणाऱ्याकडून आतला फोटो मागवा.

पीएस२, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन २, सहज मिळतो, १५ कोटींहून जास्त विकला गेला आहे. मोठ्या मॉडेलला नेटवर्क अ‍ॅडॉप्टर वेगळा लागतो, २००४ च्या स्लिममध्ये इथरनेट आहे, म्हणून स्लिमच बघा. ऑनलाइनच्या बाबतीत मात्र तो विस्कळीत. प्रत्येक प्रकाशकाचा सर्व्हर वेगळा, खातं वेगळं, शिवाय बऱ्याच गेमना सोनीची पडताळणी लागायची. ती बंद झाल्यावर चाहत्यांचे पर्याय डीएनएस (कुठल्या सर्व्हरकडे जायचं ते सांगणारी नेटवर्कची सेटिंग) बदलून वापरावे लागतात आणि काय चालेल ते गेमगणिक बदलतं. ऑफलाइन गेमसाठी पीएस२ बेलाशक घ्या. निव्वळ ऑनलाइनसाठी मी सुचवणार नाही.

निन्टेंडोच्या गेमक्यूबचं विचाराल, तर ऑनलाइन गेम मोजकेच आणि ब्रॉडबँड अ‍ॅडॉप्टर शोधायलाच दमछाक होते. तो या यादीतून वगळा.