बायोचारची बॅग: वासावर जालीम, ‘इलेक्ट्रो’चं मात्र नुसतं लेबल

सोसायटीच्या कंपोस्ट टाकीसाठी बायोचारची, म्हणजे कमी ऑक्सिजनमध्ये भाजलेल्या सच्छिद्र कोळशाची, ५ किलोची बॅग ऑनलाइन मागवली होती, त्याचा हा रिव्ह्यू. ब्रँडचं नाव टाकत नाही, कारण माल बरा आहे पण लेबलवर ‘इलेक्ट्रो’ असं जे छापलंय ते वाचून डोकं फिरलं, त्यावर येतोच.

आमच्या टाकीत शिळी डाळ-उसळ, मेथीची देठं, चहाचा चोथा असलंच जास्त येतं, झाकण उघडलं की डोळ्यांना झोंबायचं, अमोनियाच तो, म्हणजे खतातला नायट्रोजन फुकट हवेत. बायोचार हा अमोनिया धरून ठेवतो. १० किलो ओल्या कचऱ्याला साधारण १ किलो असा मिसळला आणि खरंच वास बसला, चिलटं पण कमी, खाली गळणारं काळं पाणीही आटलं. पण म्हणून पालापाचोळा, कोकोपीट बंद करू नका हं, ते लागतंच, आणि चुलीची राख घालून काटकसर तर अजिबात नको, राखेने उलट अमोनिया जास्त उडतो.

तक्रार एक म्हणजे भुकटी फार. बॅग फोडली की नाकात, शर्टावर सगळीकडे काळं, आधी पाणी शिंपडा आणि मास्क लावा. दुसरी म्हणजे किंमत. २०१६ च्या घनकचरा नियमांत रोज १०० किलोच्या वर कचरा होणाऱ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं होतं, तेवढ्याला रोज १० किलो बायोचार कोण घालणार? आम्ही फक्त वास मारणाऱ्या थरांवर घालतो. बायोचार कुजत नाही, त्यामुळे खत चाळताना वर राहिलेले खडे परत टाकीत, तेवढीच बचत.

आता लेबल. ‘इलेक्ट्रो कंपोस्ट टेक्नॉलॉजी’ म्हणे! तसा प्रकार खरा आहे, चीनमधल्या संशोधकांनी कंपोस्टच्या ढिगात इलेक्ट्रोड (वीज सोडणाऱ्या कांड्या) खोचून जेमतेम २ व्होल्ट डीसी वीज देऊन बघितलंय, त्याने जिवाणू ऑक्सिजन जास्त चांगला वापरतात, ढीग जास्त तापतो आणि खत लवकर पिकतं. सोबत बायोचार असेल तर तो वीज वाहायला मदत करू शकतो, पण त्यासाठी तो चांगला ७०० डिग्रीच्या आसपास भाजलेला लागतो, कमी तापमानाचा कोळसा वीज फारशी वाहत नाही. आणि बॅगेत ना इलेक्ट्रोड, ना वायर, मग इलेक्ट्रो कुठून आलं बाबा? (किचनमधली ती इलेक्ट्रिक कंपोस्टर मशिनं पण यातली नव्हेत, बरीचशी कचरा नुसता तापवून वाळवून दळतात.)

गावाकडे कोणाचा ऊस असेल तर पाचटापासून कोळसा करता येतो, फलटणला आनंद कर्व्यांच्या ‘आरती’ (ARTI) या संस्थेने ते करून २००२ मध्ये ॲशडेन हे ब्रिटनमधलं ऊर्जेसाठीचं अवॉर्डही मिळवलंय. शहरात मात्र बॅगच. ५ पैकी ३.५ स्टार, परत घेईन पण दाणेदार घेईन. किती डिग्रीला भाजलाय असं सेलरला विचारलं तर उत्तर आलं, ‘सर, प्रीमियम क्वालिटी आहे’.