रोडमॅप डॉट एसएच : प्रमाणपट्टी नसलेला, तरीही उपयोगी नकाशा

संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी असो किंवा दुसऱ्या क्षेत्रातून सॉफ्टवेअरकडे वळू पाहणारा नोकरदार, ‘कोणती भाषा शिकू?’ असे विचारण्याआधी त्याने आपल्याला कोणते काम करायचे आहे हे ठरवायला हवे. ते ठरवण्यास मदत करणाऱ्या मोफत साधनांमध्ये रोडमॅप डॉट एसएच या संकेतस्थळाचे नाव मी सर्वांत आधी घेईन. कामरान अहमद या विकसकाने २०१७ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर, काय आणि कोणत्या क्रमाने शिकावे हे दाखवणाऱ्या काही आकृत्यांच्या रूपात सुरू केलेला हा उपक्रम आज तेथील सर्वाधिक तारे (म्हणजे वापरकर्त्यांची पसंती) मिळालेल्या प्रकल्पांपैकी एक आहे.

संकेतस्थळावर कामांनुसार आणि कौशल्यांनुसार अशा दोन प्रकारच्या आकृत्या आहेत. प्रत्येक आकृती वरून खाली उतरत जाते, चौकटीवर टिचकी मारली की बाजूला थोडक्यात माहिती आणि पुढील वाचनाचे दुवे उघडतात, आणि खाते उघडल्यास कोणता विषय झाला, कोणता चालू आहे, कोणता सोडून दिला याची नोंद ठेवता येते. दुव्यांचा दर्जा मात्र सारखा नाही. काही ठिकाणी उत्तम अधिकृत दस्तऐवज मिळतो, तर काही ठिकाणी घाईने लिहिलेला लेख.

वेगवेगळ्या कामांतील फरक येथे स्पष्टपणे दिसतो, हेच या संकेतस्थळाचे खरे बलस्थान होय. फ्रंटएंडची, म्हणजे वापरकर्त्याला दिसणाऱ्या भागाची, आकृती एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टपासून निघून फ्रेमवर्कच्या (तयार सांगाड्यांच्या) गर्दीत शिरते. बॅकएंडची, म्हणजे पडद्याआड सर्व्हरवर चालणाऱ्या भागाची, आकृती भाषेची निवड झाल्यावर डेटाबेसकडे वळते आणि मग एपीआय (दोन प्रोग्रॅममधील देवाणघेवाणीचा दुवा), कॅशिंग (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणे), सुरक्षा, संदेशवहन अशी पसरत जाते. डेव्हऑप्सच्या, म्हणजे सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून चालते ठेवण्याच्या कामाच्या, आकृतीत लिनक्स, नेटवर्किंग, कंटेनर (ॲप बंदिस्त करून चालवण्याची पद्धत), यंत्रणा उभारणारे टेराफॉर्म आणि तिच्यावर लक्ष ठेवणारे प्रोमिथियस यांना जेवढे स्थान आहे, तेवढे प्रोग्रॅमिंगच्या भाषेला नाही. तासन्‌तास कोड लिहिण्याची आवड नसलेल्या पण यंत्रणा उभी करण्यात रस असलेल्या विद्यार्थ्याला एवढ्यावरूनही आपली वाट ओळखता येईल. आपल्याकडे टेस्टिंगचे काम दुय्यम समजण्याची वाईट खोड आहे, म्हणून क्यूएची (गुणवत्ता तपासणीची) स्वतंत्र आकृती मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण हाताने केलेल्या चाचण्यांपासून सेलेनियम, प्लेराइट आणि जेमीटर या स्वयंचलित चाचणीच्या साधनांपर्यंतचा पल्ला पाहिला की त्या कामाची खोली लक्षात येते. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या प्रशासकासाठीही वेगळी आकृती आहे. अँड्रॉइडसाठी कोटलिन आणि आयओएससाठी स्विफ्ट या भाषा असणे अपेक्षेप्रमाणेच आहे. गेम विकसकाच्या आकृतीत मात्र सदिश, मॅट्रिक्स आणि क्वाटर्नियन (त्रिमितीतील फिरणे मांडण्याची पद्धत) असे गणित समोर येते; खेळायला आवडते म्हणून खेळ बनवायला निघालेल्यांनी ती आकृती अवश्य पाहावी.

माझा मुख्य आक्षेप असा की या नकाशाला प्रमाणपट्टी नाही. गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) आणि रिलेशनल डेटाबेस (तक्त्यांत माहिती साठवणारा) यांच्या चौकटी जवळपास सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात गिटची कामापुरती ओळख थोड्या दिवसांत होते, तर ट्रान्झॅक्शन, इंडेक्स आणि नॉर्मलायझेशन हे डेटाबेसचे विषय भरपूर नोंदी असलेल्या खऱ्याखुऱ्या डेटाबेसवर काम केल्याशिवाय नीट उमगत नाहीत. कोणत्या चौकटीला आठवडा द्यावा आणि कोणत्या चौकटीला वर्ष, हे आकृती सांगत नाही. त्यामुळे नवखा विद्यार्थी एकतर यादी पाहूनच धास्तावतो, किंवा प्रत्येक विषयाचा एकेक व्हिडिओ पाहून सगळ्या चौकटींवर खूण करून टाकतो आणि मुलाखतीत दोन तक्ते जोडणाऱ्या साध्या जॉइनच्या प्रश्नावर अडखळतो. फ्रंटएंड, बॅकएंड आणि डेव्हऑप्स यांच्या नवशिक्यांसाठी आटोपशीर आवृत्त्या दिल्या आहेत. सुरुवात तेथूनच करावी आणि अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसची चौकट पहिल्या नोकरीनंतर उघडली तरी चालेल.

दुसरी उणीव आपल्याकडच्या वाचकांना अधिक जाणवेल. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या वाहन उद्योगामुळे या भागात एम्बेडेड (यंत्रांच्या आत बसवलेल्या) सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या आहेत, आणि त्यांना सी भाषा, मायक्रोकंट्रोलर, कॅन बस (वाहनातील भागांमधील संदेशवाहिनी), वाहनांच्या सॉफ्टवेअरसाठीची ऑटोसारची रचना, सुरक्षित सी लिहिण्याचे मिस्राचे नियम असे अगदी वेगळे ज्ञान लागते. या कामाचा स्वतंत्र नकाशा मला येथे सापडला नाही. सॅप या व्यवसाय-सॉफ्टवेअरमधील एबॅप किंवा मेनफ्रेमवरील (मोठ्या संगणकांवरील) कोबोल या भाषांचाही सापडला नाही, जरी बँका आणि मोठ्या उद्योगांचे व्यवहार आजही त्यांच्यावर चालतात. संकेतस्थळाची नजर वेब आणि क्लाउडच्या जगाकडे आहे, हे ध्यानात ठेवूनच ते वापरावे. शिवाय सेवा देणाऱ्या कंपन्यांत नव्या माणसाच्या वाट्याला अनेकदा जुन्या प्रणालीची देखभाल येते, आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून, लॉग (प्रणालीच्या नोंदी) तपासून चूक नेमकी कुठे आहे ते शोधण्याचे कसब कोणत्याही एका चौकटीत मावत नाही.

मजकूर इंग्रजीत असला तरी वाक्ये छोटी आहेत, त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यालाही तो फारसा जड जाऊ नये. अलीकडे एआयच्या साहाय्याने शिकवण्याची सोयही जोडली गेली असून तिच्या अधिक वापरासाठी पैसे मोजावे लागतात. मूळ आकृत्या आणि प्रगतीची नोंद मोफत असताना विद्यार्थ्यांनी त्या सोयीवर खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. तेच पैसे एखाद्या छोट्या सर्व्हरच्या भाड्यावर घालून स्वतः लिहिलेले ॲप त्यावर चालवून पाहिले, तर बॅकएंड आणि डेव्हऑप्सच्या निम्म्या चौकटी आपोआप समोर येतील.