मोकळ्या प्लॉटचा विमा: कोथरूडमधील एका सल्लागाराची सेवा

मुळशी तालुक्यात पौडच्या अलीकडे आठ गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट घ्यायचे ठरले, तेव्हा सात-बारा, फेरफार आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) पाहायला वकील होते. विम्याचा विषय मात्र कोणीच काढला नव्हता. त्यासाठी आम्ही कोथरूडमधील एका विमा सल्लागाराकडे गेलो. ते पॉलिसी विकत नाहीत, फक्त सल्ल्याचे शुल्क घेतात, आणि त्यामुळेच काय घेऊ नये हे ते मोकळेपणाने सांगू शकतात.

आगीच्या किंवा घराच्या पॉलिसीत जमिनीची किंमत धरली जात नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीदेखील बांधकामाच्या खर्चावर आधारलेली आहे. घर उभे राहिले की कुंपणभिंत आणि फाटक तिच्यात येतात, पण अतिक्रमण, हद्दीचा वाद किंवा अचानक उगवलेला वारस यांच्यासाठी तिचा काही उपयोग नाही. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १६ मध्ये टायटल इन्शुरन्सची, म्हणजे जमिनीच्या मालकी हक्काच्या विम्याची, तरतूद आहे, परंतु ती जबाबदारी विकासकावर असल्यामुळे मूळ मालकाकडून थेट प्लॉट घेणाऱ्याला तिचा आधार मिळत नाही. म्हणून सर्च रिपोर्ट आणि सरकारी मोजणी यांच्या खर्चात हात आखडू नका, असे त्यांनी बजावले.

या सेवेचे खरे मोल जागेवर कळले. प्लॉट पाहिल्याशिवाय लेखी सल्ला देणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. पूर्वेकडच्या कोपऱ्यात कठडा नसलेली जुनी विहीर आहे, तोंडावर घाणेरीचे रान माजलेले, आणि तिच्या अगदी काठावरून गुरे नेण्याची पायवाट. आम्हा सर्वांच्या नजरेत बांधकामाची जागाच होती. ते मात्र विहिरीपाशी थांबले. उद्या इथे कोणी पडले तर नुकसानभरपाईचा दावा मालकावर येऊ शकतो, तेव्हा आधी कठडा आणि लोखंडी जाळी करा, मग पब्लिक लायबिलिटी कव्हरची (अशा दाव्यांसाठीच्या विम्याची) चौकशी करा, हा त्यांचा क्रम मला पूर्णपणे पटला. माणसाचा जीव वाचवण्याचे काम कोणतीही पॉलिसी करीत नाही. कुंपणाचे काम सुरू करण्यापूर्वी मजुरांसाठी कामावरील अपघाताच्या नुकसानभरपाईची पॉलिसी कंत्राटदाराकडे आहे का, हे तपासण्यासही त्यांनी सांगितले.

कर्जाच्या कागदांत एकरकमी हप्त्याचा जीवन विमा कर्जाच्या रकमेतच मिळवलेला होता; त्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली. या रकमेवरही वर्षानुवर्षे व्याज भरावे लागेल, तेव्हा स्वतंत्र टर्म पॉलिसीशी तुलना करूनच सही करा, असे ते म्हणाले. आम्ही तुलना केली आणि स्वतंत्र पॉलिसी निवडली.

उणीव एकच, पण ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. लेखी अहवाल कबूल केलेल्या मुदतीत आला नाही, आणि साठेखताची तारीख जवळ आल्यावर आम्हालाच त्यांच्या मागे लागावे लागले. इसार देण्याआधी हा सल्ला हाती हवा असेल, तर अहवालाची तारीख शुल्काच्या पावतीवरच लिहून घ्यावी.